गहू भिजला आणि आम्ही बेट शोधायला लागलो

आमच्या घरात सहलीचा निर्णय माणसं घेत नाहीत. एका वर्षी तो गाडीच्या क्लचने घेतला (महाबळेश्वरला निघालो, वाईला राहिलो), एका वर्षी कस्टमरच्या ऑडिटने. या वेळी तो गव्हाने घेतला.

रविवारी संध्याकाळी शैलाने, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींनी, मोठ्या पातेल्यात गहू भिजत घातला आणि हात पुसत बाहेर येऊन म्हणाली, "अहो, बुधवारी सकाळी आपण बेटावर पाहिजे."

ज्यांच्या घरी कुरडया होतात त्यांना यातली घाई कळेल. बाकीच्यांसाठी सांगतो. गहू भिजला की रोज पाणी बदलायचं, मग तो वाटून चीक काढायचा, शिजवायचा, सोऱ्यातून कुरडया पाडायच्या आणि त्याच सकाळी त्यांना कडक ऊन दाखवायचं. मधे थांबता येत नाही. गहू कोणासाठी थांबत नाही, चेअरमनसाठीही नाही.

चेअरमन आमच्या सोसायटीचे. वाकडला सोळाव्या मजल्यावर फ्लॅट घेतला तेव्हा बिल्डर म्हणाला होता, हवा खेळती आहे. हवा आहेच. ऊन नाही. समोरच्या टॉवरच्या काचेवरून उलटून येतं तेवढंच, चहा होईपर्यंत असतं आणि जातं. गच्चीला कुलूप, आणि लिफ्टमध्ये नोटीस: 'गच्चीवर खाद्यपदार्थ वाळवण्यास सक्त मनाई.' माझ्या चाकणच्या पॅकिंगच्या शेडच्या पत्र्यावर वाळवा, असं तुम्ही म्हणाल. गेल्या वर्षी वाळवल्या होत्या. शेजारी पावडर कोटिंगचा, म्हणजे रंगाची भुकटी फवारायचा, कारखाना आहे. कुरडया निळ्या झाल्या. आणि गावी करमाळ्याला जावं तर तिथे जाऊबाई आहेत. या विषयावर मी एवढंच लिहू शकतो.

या वर्षी एवढी तगमग कशाला? तर आमची ऋतुजा. पोरीचं लग्न तोंडावर आलंय आणि रुखवतात आईच्या हातच्या कुरडया ठेवायच्या, हे शैलाने पोरगी पाळण्यात असल्यापासून ठरवलेलं. महिन्याभरापूर्वी तिने पहिला घाणा केला, पंख्याखाली वाळवला आणि चौथ्या दिवशी त्यावर हिरवे ठिपके आले. ऋतुजा सहज बोलून गेली, "आई, रेडीमेड मिळतात गं, घरपोच." शैला उठली. सगळा घाणा पिशवीत भरला, खाली टाकून आली आणि दार लावताना म्हणाली, "माझा हात गेला."

काळेवाडीत आम्ही पत्र्याच्या दोन खोल्यांत राहत होतो, तेव्हा अख्खी गल्ली हिच्या हातच्या कुरडया न्यायची. त्या बाईच्या तोंडून हे ऐकणं सोपं नव्हतं.

पोरीला बहुतेक वाईट वाटलं असावं. दुसऱ्याच आठवड्यात लॅपटॉप घेऊन आमच्यासमोर बसली. "लग्नाआधी तुम्ही दोघं कुठेतरी जाऊन या. माझ्याकडून. छोटासा वीकेंड, मस्त सनी आयलंड, काही काम करायचं नाही."

शैलाने एकच शब्द उचलला. "सनी म्हणजे ऊन असतं ना तिथं?"

"दिवसभर."

"मग जाऊ."

ऋतुजाने मायेने आईचा हात धरला. तिला वाटलं, आईला विश्रांती हवी आहे. धंद्यात माझं मूळ भांडवल दोन कान हेच. कुठला होकार कशासाठी आहे ते मला ऐकू येतं.

गहू भिजत पडल्यावर सोमवारी बेटनिवडीची बैठक झाली. ऋतुजाने पहिलं बेट दाखवलं, मालदीव. निळं पाणी, पाण्यावर लाकडी खोल्या.

"घर पाण्यावर आहे?" शैला म्हणाली. "म्हणजे खालून ओल. पुढचं दाखव."

अंदमान. "तिथली हवा कशी?"

"थोडी दमट असते, पण आई, बीच बघ ना!"

"दमट हवेत काय वाळणार? पुढचं."

"काय वाळवायचंय तुला?" पोरीने विचारलं, आणि मग आईची ट्रॉली बॅग उघडून बघितली. आत सोऱ्या, दोन उलथनी, प्लॅस्टिकचे कागद, धुतलेल्या जुन्या साड्या, हिंगाची डबी. आंघोळीनंतर घालायचा एक जोड, तोही सोऱ्या हलू नये म्हणून मधे कोंबलेला.

"आई! विमानात चीक नेणारेस तू?"

"का? डब्यात नेईन."

"लिक्विड अलाउड नाही."

"चीक लिक्विड नाही."

"मग काय आहे?"

यावर दोघींची बराच वेळ चर्चा झाली. चीक हा घन, द्रव की आणखी काही, हे आमच्या घरात अजून ठरलेलं नाही. मधेच इंटरकॉम वाजला. खालून सिक्युरिटी: "सर, सोळाव्या मजल्यावरून गॅसचा वास येतोय अशी कम्प्लेंट आहे." मी म्हणालो, भिजलेल्या गव्हाचा आहे. तो म्हणाला, "तसं लिहून घेऊ का?"

बेटासाठी शैलाच्या अटी शेवटी ठरल्या त्या अशा: ऊन कोरडं पाहिजे, समुद्र नको, गाडीने पोचता आलं पाहिजे आणि चारी बाजूंनी पाणी पाहिजे. शेवटची अट मला कळेना.

"पाणी कशाला?"

"कुत्री, मांजरं, पोरं, शेळ्या. वाळवणाला शंभर तोंडं असतात. पाणी असलं की कुणी येत नाही."

चाळीसेक वर्षं संसाराचं आणि धंद्याचं पॅकिंग करतोय मी, पण बेटाचा इतका चोख उपयोग मी कुठल्या पर्यटनाच्या पुस्तकात वाचला नव्हता.

मग मी सोपानशेठना फोन लावला. हे माझ्या शेडचे जागामालक, चाकणच्या पलीकडल्या एका गावचे. जमीन थोडी कंपनीला गेली, थोडी राहिली. राहिलेल्या जमिनीत त्यांनी तळं खणलं, मधे एक टेकाड ठेवलं, त्यावर तंबू ठोकले आणि कृषी पर्यटन सुरू केलं.

"बेट आहे ना हो तुमच्याकडे?"

"हाय की राव! चारी बाजूंनी पाणी, मधी आपलं बेट. आन ऊन म्हणाल तर इतकं हाय, की पाव्हणे पैसे परत मागत्यात."

बुकिंग पक्कं केलं.

आता उपयोगाचं. आमच्या कारखानदारीत आठवड्याची सुट्टी गुरुवारी असते, त्यामुळे आमचा वीकेंड बुधवार-गुरुवार. त्याचा फायदा घ्या. सोपानशेठकडे शनिवारी जो दर आहे, तो मधल्या वारी जवळजवळ निम्म्यावर येतो, दोन वेळचं जेवण आणि नाष्टा धरून. मात्र वाकडहून निघायचं ते उजाडायच्या आत. नाशिक फाट्यावरून हायवेला लागलात की मोशीपर्यंत गाडी पळते. पुढे चाकणच्या तळेगाव चौकात शिफ्टच्या बसगाड्या सुटायच्या आत पोचलात तर तुम्ही बेटावर जाल; नंतर पोचलात तर तळेगाव चौक हेच तुमचं बेट, चारी बाजूंनी कंटेनर.

आम्ही वेळेत होतो, पण हळू. मागच्या सीटवर शैला, तिच्या मांडीवर चिकाचं पातेलं, आणि प्रत्येक खड्ड्याला मला सूचना. मोशीच्या पुढे चहाला थांबलो. शैला पातेलं घेऊनच उतरली, गाडीत ठेवायला तयार नव्हती. शेजारच्या बाकावर कंपनीच्या ड्रेसमधले दोघं, रात्रपाळी संपवून आलेले, कुजबुजत होते.

"केटरिंगवाले असतील."

"गाडी बघ ना भावा. केटरिंगवाल्याची वाटते का? हे पळून चाललेत."

"या वयात?"

"मग काय. बाईने पातेलं सोडलंय का बघ हातातलं."

मी चहाचे पैसे देताना त्यांना म्हटलं, "घरच्यांना सांगू नका." दोघंही गंभीरपणे म्हणाले, "नाही काका, बिनधास्त जावा."

सोपानशेठ फाटकावर उभे होते. पांढरा शर्ट, गॉगल, हात पसरून स्वागत. "या या वैनी! आयलंडवर स्वागत हाय!" आणि त्यांनी आमची गाडी थेट बेटावर घ्यायला सांगितली.

गाडी. बेटावर.

मी ब्रेक दाबला. "सोपानशेठ, पाणी कुठंय?"

"त्ये काय, तीन बाजूंनी हाय की."

"आणि चौथ्या?"

"चौथ्या बाजूला उन्हाळा हाय," सोपानशेठ म्हणाले. "जानेवारीत या, होडीनं न्हेतो. आता पाणी उतरलंय. पण म्हणून बेट थोडंच हाललंय?"

तळ्याच्या कडेला चिखल वाळून भेगाळलेला, त्यात हंसाच्या आकाराची एक पायडलची होडी कलंडून पडलेली. हंसाची मान तेवढी आमच्याकडे वळलेली. मी दराचं बोलणार होतो, पण शैलाने दार उघडलं होतं. तिने वर बघितलं. पूर्वेकडून ऊन सरळ टेकाडावर पडत होतं. आडवं यायला ना टॉवर, ना झाड, ना चेअरमन.

"चूल कुठे मांडू?" एवढंच ती म्हणाली.

टेकाडावर आमच्याशिवाय एक तरुण जोडपं होतं, हिंजवडीत कामाला, मीटिंगा चुकवून आलेलं. अंगाला क्रीम लावून दोघं टॉवेलवर पडले होते. त्यांच्यापासून चार हातांवर शैलाने तीन दगड मांडले, चीक शिजत घातला आणि मला घोटायला बसवलं. चीक घोटणं म्हणजे ओलं सिमेंट कालवण्याचा प्रकार. फरक इतकाच की सिमेंटला कुणी गाठी मोडल्या का विचारत नाही. हिंगाचा वास सुटला तसा तो मुलगा, अनिकेत, गॉगल कपाळावर सरकवून जवळ आला.

"काकू, हे वर्कशॉप आहे का? चार्ज किती?"

शैला काही म्हणायच्या आत सोपानशेठ लांबून ओरडले, "पॅकेजमधीच हाय!"

मग काय, पोराच्या हातात सोऱ्या. त्याची बायको बशीत गरम चीक, वर दूध-साखर घेऊन बसली आणि नंतर बराच वेळ तिने काही पोस्ट केलं नाही. अनिकेत घाम पुसत म्हणत होता, "काकू, ऑफिसमध्ये हे ठेवलं पाहिजे. डायरेक्ट स्ट्रेस जातो." शैला शेजारी उभं राहून बघत होती. "वेटोळं सुटसुटीत पाड. राग काढू नकोस त्याच्यावर." ऊन चढेपर्यंत चार साड्या भरून पांढऱ्याशुभ्र कुरडया पडल्या. टेकाड असं दिसत होतं जणू कुणी त्याला जाळीचं स्वेटर घातलंय.

ऋतुजाचा व्हिडिओ कॉल आला. "पप्पा, बीच दाखवा!" मी फोन फिरवला.

"ही वाळू आहे का?"

"नाही, तुझं रुखवत."

तिने फोन डोळ्यांजवळ नेला. मग म्हणाली, "आईने सनस्क्रीन लावलंय का विचारा."

जेवण खाली, सोपानशेठच्या ओसरीवर. पिठलं, भाकरी, ठेचा, ताक. चव विचाराल तर याच्यासाठी पुन्हा जाईन. आम्ही जेमतेम दुसऱ्या भाकरीला हात घातला असेल, तेवढ्यात अनिकेतची हाक आली. "काकूऽऽ! गोट्स!"

उन्हाळ्याने उघड्या पाडलेल्या चौथ्या बाजूने सोपानशेठच्या शेळ्या टेकाडावर चढल्या होत्या. आम्ही पोचेपर्यंत एक अख्खी साडी साफ. म्हणजे साडी होती, वरचं नव्हतं. अनिकेत टॉवेल फिरवत होता आणि एक शेळी त्याच्याकडे बघत शांतपणे चावत होती.

"शेळ्या माझ्याच हायत," सोपानशेठ धापा टाकत म्हणाले, "पर माझं ऐकत न्हाईत."

हाकलल्या. त्या खाली जाऊन उभ्या राहिल्या आणि पुन्हा वर बघायला लागल्या. शैला उरलेल्या कुरडयांच्या कडेला बसली. रागावली असती तर बरं वाटलं असतं.

"संध्याकाळी येतील, उद्या येतील," ती म्हणाली. "दोन दिवस कोण राखत बसणार? आणि आता पुन्हा गहू भिजवायला दिवस नाहीत. राहू द्या. विकतच्या ठेवा रुखवतात. नाव आईचं सांगू."

लग्नाला इतकी वर्षं झाली; त्यात ही बाई भांडली, अबोला धरला, एकदा माझा नवा मोबाइल पिठाच्या डब्यात टाकला. हरली असं कधी दिसली नव्हती. उपाय सोपानशेठना सुचला.

"वैनी, तुमाला बेट पायजे ना? थांबा. बेट करून देतो."

चाकण परिसरातल्या माणसाला कुठलीही अडचण सांगा, ती ऐकून घेतानाच त्याच्या मनात जेसीबी सुरू झालेला असतो. बापजाद्यांच्या काळात बैलजोडी असायची, आता दारात जेसीबी असतो. सोपानशेठचे तीन आहेत. चहाचा कप खाली ठेवायच्या आत पिवळं धूड धुरळा उडवत हजर. चालवायला विठ्ठल, परभणीकडचा, बारीक अंगाचा, मान सतत एका बाजूला कललेली.

"हितनं तिथवर चर मार," सोपानशेठनी चपलेने मातीत रेघ ओढली. "दोन्हीकडनं पाण्याला मिळव."

"बेट करायलाव का?" विठ्ठलने विचारलं, जसं काही आठवड्यातून दोनदा करतो.

"व्हय."

आणि मंडळी, मी जगात फार हिंडलेलो नाही, पण बेट तयार होताना पाहिलेल्या माणसांत माझं नाव घाला. चर खोल होत गेला, तळ्याकडची शेवटची माती निघाली आणि पाणी गढूळ फेसासकट आत घुसलं. दुसऱ्या बाजूनेही आलं. मधे दोन्हीकडचं पाणी एकमेकांना भेटलं तेव्हा अनिकेतच्या बायकोने टाळ्या वाजवल्या. शेळ्या काठाला आल्या, वास घेतला, मागे सरल्या. शैला उभी राहिली. चारी बाजूंना वळून तिने एकदा पाणी पाहिलं, आणि पदर खोचून कुरडया उलटायला लागली.

सगळे खुशीत होते. मग विठ्ठलने इंजिन बंद केलं आणि त्या शांततेत मला एक गोष्ट दिसली.

"विठ्ठल, तू कुठल्या बाजूला आहेस?"

त्याने खाली बघितलं, मग चराकडे. "हितंच की. बेटावर."

"आणि आता जाणार कसा?"

"मला चर मारायला सांगितलं," विठ्ठल म्हणाला. "जायचं कुणी सांगितलं न्हवतं."

पलीकडच्या काठावर सोपानशेठ, अलीकडे आम्ही दोघं, जोडपं, विठ्ठल, जेसीबी आणि माझी गाडी. हंसाची होडी पलीकडे, तीही बिनपायडलची. पायडल दुरुस्तीला चाकणमध्ये गेलेलं. चिखल कमरेएवढा. पुन्हा बुजवावं तर सोपानशेठ हात जोडून उभे. "न्हाई राव, बुजवू नका! मी आत्ताच शनवारचं बुकिंग घेतलंय. खरं बेट म्हणून सांगितलंय. रेट वाढिवलाय."

ऋतुजाचा पुन्हा कॉल. "पप्पा, आयलंडवर जेसीबी का आहे?"

"काम चालू आहे अजून."

"कसलं?"

"आयलंडचं."

संध्याकाळचं जेवण आलं ते मात्र कुठल्याही पंचतारांकित हॉटेलात मिळणार नाही असं. विठ्ठलने जेसीबीचा मागचा लांब हात चरावरून पलीकडे नेला, सोपानशेठच्या घरच्यांनी बकेटमध्ये गोधडी घालून त्यात रश्श्याची किटली, भाकरीची चवड आणि कांदे ठेवले, आणि तो हात इतक्या हळू अलीकडे आला की किटलीचं झाकण हललं नाही. अनिकेत म्हणाला, "रूम सर्व्हिस." विठ्ठलला तो शब्द आवडला. दुसऱ्या दिवशी चहा आणताना तो केबिनमधून ओरडत होता, "रूम सरविस आलीय!"

रात्री दव पडतं म्हणून कुरडया तंबूत झोपल्या आणि आम्ही बाहेर. तंबू प्रशस्त आहे, असं त्यांच्या वतीने लिहितो.

गुरुवार म्हणजे नुसतं ऊन. झाड लावायला सोपानशेठ विसरलेत; जाणार असाल तर टोपी, मोठी छत्री आणि पाण्याच्या भरपूर बाटल्या न्या. स्वच्छतागृह एकच, पण पाणी चोवीस तास. मोबाइलची रेंज लहरी आहे; बुधवारी होती, गुरुवारी आली ती फक्त जेसीबीच्या टपावर. मला तिथे चढायची गरज पडली नाही, कारखाना बंद होता. अनिकेत मात्र गळ्यात आयडी कार्ड घालून दोनदा चढला आणि वरून कुणाला तरी इंग्रजीत सांगत होता की तो घरून काम करतोय.

दुपारी कुरडया शेवटच्या उलटल्या. मी येताना शेडमधून भागांच्या पॅकिंगचे ट्रे आणले होते, खाचांत फोम बसवलेले. त्यात गाड्यांचे गिअर जातात, ओरखडा न येता. शैला एकेक कुरडई हातात घेऊन नखाने वाजवून बघत होती. कडक वाजली की ट्रेमध्ये. मऊ वाटली की परत उन्हात. मी म्हटलं, "इन्स्पेक्शन कडक आहे." तिने मान वर केली नाही.

"तुम्ही त्या पोराला काय सांगत होतात काल सकाळी?" तिने विचारलं. "मी चुलीपाशी होते."

"कधी?"

"तो विचारत होता, काकू एवढं का करतात, मिळतं की सगळं. काय म्हणालात तुम्ही?"

मी म्हणालो होतो की पोरगी परक्या घरात पहिल्यांदा तळण काढेल तेव्हा तिच्या डब्यात काहीतरी ओळखीचं असावं. ते मी शैलाला सांगितलं. तिने आणखी एक कुरडई वाजवून ट्रेमध्ये ठेवली.

"ओळखीचं बिळखीचं काही नाही," ती म्हणाली. "तिला कळलं पाहिजे की तिची आई ऐनवेळी विकतचं आणत नव्हती."

मग ट्रेवर साडी झाकून ती तिथेच जरा कलंडली आणि झोपली. भर दुपारी, छत्रीखाली, चारी बाजूंनी पाणी. दुपारी झोपलेली शैला मी पहिल्यांदा बघत होतो. शेळ्या पलीकडच्या काठावर बसून होत्या. कुणीही कुणाला हाक मारली नाही.

परतीचा प्रश्न विठ्ठलने सोडवला. त्याच्या सांगण्यावरून सोपानशेठनी गावातून लोखंडी फळ्या मागवल्या, त्याने त्या जेसीबीच्या हाताने चरावर टाकल्या, त्यावरून गाडी निघाली, मी डोळे मिटून चालवली. पण कुरडया गाडीत ठेवायला शैला तयार नव्हती. फळ्यांवर दणका बसेल, म्हणाली. मग ट्रे बकेटमध्ये गेले. ट्रे एकटे जाणार नाहीत म्हणून शैलाही बकेटमध्ये गेली. नऊवारी नव्हती, पण थाट तोच. विठ्ठलने मान कलवून लिव्हर ओढला. "काकू, हात आत घ्या. खाली बघू नका." माझी बायको मांडीवर ट्रे घेऊन पाण्यावरून अलगद तरंगत पलीकडे गेली, आणि सोपानशेठच्या घरच्या बायकांनी तिला हळद-कुंकू लावून उतरवून घेतलं. का, ते त्यांनाच माहीत. मला मात्र ते बरोबर वाटलं.

जेसीबी बेटावरच राहिला. फळ्यांना त्याचं वजन पेलणार नव्हतं. त्या तोवर सोपानशेठनी ओढूनही घेतल्या होत्या, म्हणून विठ्ठल बूट डोक्यावर घेऊन चिखलातून आला. तुम्ही गेलात तर जेसीबी दिसेल, घाबरू नका. सोपानशेठ म्हणत होते, त्याला लाइटिंग करणार आहेत.

चाकणचे खड्डे येताना जितके होते तितकेच जाताना होते. ट्रेमधली एकही कुरडई मोडली नाही, हे मी धंद्याच्या अभिमानाने नोंदवतो. वाकडला लिफ्टमध्ये चेअरमन भेटले. आम्हा दोघांचे भाजलेले चेहरे आणि साडीने झाकलेले ट्रे बघून म्हणाले, "कुठे बाहेर?"

"आयलंडला," शैला म्हणाली.

"अरे वा! कुठल्या?"

"नवीनच आहे. काल झालंय."

खर्चाचं म्हणाल तर मालदीवच्या एका दिवसाच्या नाष्ट्यात आमची सहल बसली, शेळ्यांनी खाल्लेल्या धरून. ऊन भरपूर, जेवण उत्तम, बेट करून मिळतं. विश्रांतीला जाणार असाल तर पुन्हा विचार करा. वाळवायला जाणार असाल तर डोळे मिटून जा, फक्त शेळ्या आधी बांधायला सांगा.

घरी ऋतुजा कामावरून आली होती. शैलाने चपला काढल्या, हात धुतले आणि सरळ कढई चढवली. ट्रे ओट्यावर ठेवून आम्ही दोघं बाजूला उभे. तिने एक कुरडई उचलली, पण लगेच सोडली नाही. तेल तापून गेलं तरी ती हातातच. मी म्हटलं, "सोड की."

"सोडते," ती म्हणाली, आणि सोडली.

कुरडई तळाला गेली. एक श्वास, दोन. मग ती वर आली, उलगडली, आणि उलगडतच गेली, शेवटी कढईच्या काठाला टेकली. पांढरी, हलकी, एकही डाग नाही. शैलाने ती झाऱ्यावर निथळत धरली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "मीठ जरा पुढे गेलंय."

ऋतुजाने ती ताटलीत पडायच्या आत मोडून तोंडात टाकली. डोळे बंद करून चावली. रेडीमेडचा विषय तिने काढला नाही, फक्त दुसरी तळायला घ्यावी म्हणून तिचा हात ट्रेकडे गेला.

शैलाने झाऱ्याने तो हात तिथेच अडवला.

"ठेव. तुझ्याच आहेत त्या. म्हणूनच हात लावायचा नाही."